कापसाचा खोकला

झाशीत थंडी आधी पेटीत येते. बाहेर अजून पंखे फिरत असतात, दुपारी गच्चीवर पाय पोळतात, आणि एके सकाळी ताई म्हणते, "चल रे, रजया काढू." लोखंडी पेटीचं झाकण करकरत उघडतं. डांबराच्या गोळ्या, वाळलेला कडुलिंब आणि आठ महिने घडीत झोपलेला कापूस, यांचा मिळून एक वास वर येतो. माझा हिवाळा तिथून सुरू होतो. खंडेराव गेटच्या कमानीत धुकं साचणं, लक्ष्मी तालाच्या पाण्यावरून वाफ उठणं, गल्लीच्या तोंडाशी तीळगुळाच्या गजकची गाडी लागणं, हे सगळं नंतरचं.

हा वास मला फार आवडतो, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. खरं म्हणजे तो आला की मी काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर जातो. एकोणतीस वर्षं जातोय. मी फारसा बोलत नाही. ऑफिसात मला मौनी बाबा म्हणतात आणि मीही ते कौतुक समजून घेतो. गप्प बसणाऱ्या माणसाला लोक भला समजतात, ही एक मोठीच सोय आहे.

रजयांच्या तळाशी, एका जुन्या उशीच्या अभ्र्यात, आमचं गादीतोरण असतं. हा शब्द आमच्या घराबाहेर कुणी वापरत असेल असं वाटत नाही. दारावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात ना, तसंच हे, फक्त पानं कापडाची. दोन कापडांच्या मध्ये पिंजलेला कापूस, वरून धावदोऱ्याने घातलेल्या शिरा. वीतभर लांब, बोटभर जाड, चिमुकल्या गोधडीसारखं एकेक पान. रजया निघाल्या की ते बैठकीच्या दारावर चढतं, आणि होळीला रजया पेटीत परतल्या की त्यांच्याबरोबर उतरतं. संक्रांतीला त्याच्या मधोमध काळ्या कापडाचा, तसाच कापूस भरलेला पतंग लटकतो. शेजारच्या बायका दरवर्षी न चुकता हळहळतात, "सुभ दिन में कारो काए टाँग दओ?" आणि ताई दरवर्षी न चुकता सांगते की आमच्याकडे संक्रांतीला काळंच शुभ. शेजारणी मान हलवतात. दोन-अडीचशे वर्षं इथे राहूनही आमच्या काही खोडी त्यांच्या दृष्टीने गेलेल्या नाहीत.

तोरणाचे नियम आईने सांगितलेले. घरात जितकी माणसं, तितक्या गाठी आणि तितकी पानं. ज्याचं पान त्याच्याच, त्या वर्षी अंगावर वापरलेल्या कपड्याचं. बाबांचं नेहमी ऑफिसच्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाचं, आईचं कुठल्यातरी विटक्या नऊवारीच्या किनारीचं, माझं बहुधा फाटलेल्या पायजम्याचं. दरवर्षी पानं नवी. जुन्यांचा कापूस रजईत मिसळतो. माणूस गेलं की त्याची गाठ सोडतात. मुलीचं लग्न ठरलं की तिचं पान उसवून तिच्या ओटीत घालतात, आणि लग्नाच्या दिवशी घरातून निघताना ती स्वतःच्या हाताने आपली गाठ सोडून जाते. एकदा असं लग्नासाठी पान उतरवलं की त्या गाठीवर मात्र पुन्हा पान चढवत नाहीत.

आमच्या दोरीवर आज चार गाठी आहेत. माझी, माझ्या बायकोची म्हणजे मीनाची, पुण्याला शिकणाऱ्या आमच्या सईची. आणि चौथी ताईची. तिला पान नाही. ती सुटलेलीही नाही. नुसती गाठ आहे.

हे तोरण दरवर्षी ताईच करते. सगळ्यांची पानं ती कापते, भरते, शिवते, स्वतःचं सोडून. कुणी पाहुण्याने विचारलं तर म्हणते, "आमच्यात अशीच पद्धत आहे." आणि चहाचं विचारते.

यंदा तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर सुईकडे बघायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून सुई माझ्या हातात आली. कार्तिकातली ती दुपार, गच्चीवरचं कोवळं ऊन, चटईवर मी मांडी घालून बसलेलो, आणि समोर वेताचा मोडा टाकून बसलेली, काळा चष्मा लावलेली ताई.

"हे टाके आहेत की रेल्वेचे स्लीपर? इतके लांब लांब?" पान हातात घेऊन तिने बोट फिरवलं.

"तुला दिसतंय कुठे?"

"बोटाला दिसतं. उसव."

उसवलं. पुन्हा घातलं. तिने पुन्हा बोट फिरवलं. "अरे भैया, पान आहे हे, पापड नाही. रुई भर जरा. आणि कडेला नको कोंबू, मध्ये. शीर आधी मधली, मग बाजूच्या."

जिन्यातून मीनाचा आवाज आला. "ताई, हळू बोला. सुई टाकून उठतील ते."

"उठू दे की. सईच्या पानाला चार वेळा टोचलीय त्याने सुई. पोरगी तिकडे शिंकत असेल."

हसलो आम्ही. मला वाटतं कित्येक वर्षांत आम्ही दोघं असे एका कामावर बसलो नव्हतो. तिने मुठीत थोडा कापूस घेतला, ताणून त्याची तार बघितली, नाकाशी नेला. रजया आता मशीनवर पिंजायला जातात. सकाळी ई-रिक्षात टाकल्या की संध्याकाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परत. घरात ना धूळ, ना आवाज.

"एक बाकी झालं हं," ताई सहज म्हणाली. "मशीनवर द्यायला लागल्यापासून माझा खोकला बघ कसा पळाला. आई उगाच काढे पाजायची. रुईचाच होता तो, दुसरं काय!"

सुई माझ्या बोटात गेली.

मशीन येण्याआधी पिंजारी बशीर चाचा घरी यायचे. हिवाळ्याच्या तोंडावर गल्लीत तारेचा टणत्कार ऐकू यायचा आणि त्या मागोमाग खांद्यावर माणसाएवढी पिंजण घेतलेले चाचा दिसायचे. तीन दिवस आमच्या गच्चीवर त्यांचं राज्य. तारेवर लाकडी मुठीचा ठोका बसला की गठ्ठा झालेला कापूस दचकून जागा व्हायचा आणि हवेत चढायचा. गच्चीच्या कठड्यावर, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरी लव बसायची. ताई चाचांच्या अगदी जवळ, गुडघ्यांवर. तोरणाच्या पानांसाठी तिला सगळ्यात हलकी, वर उडणारी रुई हवी असायची, आणि ती खाली बसण्याआधी ताई हवेतच वेचायची. ओढणी नाकावरून घसरलेली, पापण्या पांढऱ्या झालेल्या.

"बिटिया, नाक बाँध लो," चाचा म्हणायचे.

"बस चाचा, दो मुट्ठी और."

मग तिला खोकला यायचा. दिवसा खोकला, जिना चढताना धाप, छातीत बारीकशी शिट्टी. तीन दिवस. चौथ्या दिवशी चाचा पिंजण उचलून पुढच्या गल्लीत गेले की खोकलाही गेलेला असायचा. आमच्या घरात त्याला नावच होतं, कापसाचा खोकला. गजक आली, धुकं आलं, तसा ताईचा कापसाचा खोकला आला. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

त्या वर्षी ताई सव्वीस वर्षांची होती आणि मी वीस. मी सरकारी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. पहाटे पाचला ताई मला उठवायची. माझ्या हातात चहा द्यायची आणि समोर रजई गुंडाळून बसायची. मांडीवर माझं पुस्तक, हातात पान आणि सुई. एक टाका, एक प्रश्न. मी चुकलो की सुईचं बोथट टोक माझ्या पायाला लावायची. आईचे गुडघे तेव्हाच गेले होते. सगळं घर ताईच्या हातावर चालायचं. मला ते दिसत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. मला ते फार चांगलं दिसत होतं.

ते लोक नेमके चाचांच्या आठवड्यात आले. भुसावळचा मुलगा, त्याची आई आणि मामा. पत्रिका आधीच जुळवून झाल्या होत्या, फोटो पसंत पडला होता. ताई तबक घेऊन आली तेव्हा तिला खोकल्याची उबळ आली आणि शंकरपाळे तबकात उडाले. मुलगा हसला. कुचेष्टेने नाही. तिलाही हसू आलं. नंतर तो दारापाशी उभा राहून तोरणाचं एक पान चिमटीत धरून बघत होता.

"हे तुम्ही केलंत?"

"हो. संक्रांतीला पतंगही करते."

"उडतो?"

"कापूस भरलेला पतंग कसा उडेल?" ताई म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली. एवढंच त्यांचं बोलणं. निघताना मुलाची आई माझ्या आईला म्हणाली, "आम्हाला मुलगी पसंत आहे. घरी पोचलो की रीतसर कळवतो."

त्यांना स्टेशनवर पोचवायला मी गेलो. मुलगा सामान घेऊन आईबरोबर पुढे. मामा माझ्याजवळ रेंगाळले. भला माणूस. खालच्या आवाजात म्हणाले, "ताईंना खोकला झालाय वाटतं?"

"हो."

"आत्ताच?"

"दर हिवाळ्यात होतो," मी म्हणालो.

"दमही लागतो का?"

"लागतो कधी कधी."

एवढंच. यात एकही शब्द खोटा नाही. फक्त 'तीन दिवस' आणि 'कापसामुळे' हे मी बोललो नाही. मामांचा चेहरा बदललेला मी पाहिला. काय कमी पडलंय ते मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं. गाडी सुटत होती, गर्दी होती, असं काही नव्हतं. गाडी वीस मिनिटं उशिरा होती. ती वीस मिनिटं आम्ही फलाटावर उभे होतो, आणि आम्ही अलाहाबादच्या पेरूंबद्दल बोललो.

का, असं कुणी विचारलं तर मोठं कारण सांगता येत नाही. ताईचा मला हेवा नव्हता, राग तर मुळीच नाही. परीक्षेला चार महिने होते. ती गेली तर पहाटे चहा कोण देईल, प्रश्न कोण विचारेल, आईला धरून मोरीपर्यंत कोण नेईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. माझ्या बहिणीच्या संसाराच्या समोर मी पहाटेचा एक पेला चहा ठेवला.

घरी परतलो तर आई मांडीवर तोरण घेऊन बसली होती. ताईचं पान उसवून झालं होतं.

"आई, अगं, अजून सुपारीसुद्धा फुटली नाही!" ताई हसत होती.

"फुटेल गं. त्यांच्या डोळ्यांत दिसलं मला."

मी हातपाय धुवायला गेलो आणि बराच वेळ मोरीतच उभा राहिलो.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. त्यांच्याकडच्या ज्योतिषांनी पुन्हा पाहिली, पत्रिका जुळत नाही, क्षमस्व. बाबांनी पत्रिका आपल्याही ज्योतिषाला नव्याने दाखवली. शोधायला बसलं की सापडतंच. त्यांना मंगळ सापडला. झाशीत मराठी घरं ती किती. गणपतीच्या आरतीला, कुणाच्या मुंजीत, मंगळाची गोष्ट आमच्याआधी पोचायची. आणखी दोन स्थळं आली, दारातून परतली. बत्तीसाव्या वर्षी ताईने सांगितलं, "आता पुरे." तिने शिवणाचे वर्ग सुरू केले. मी पास झालो, नोकरी लागली, माझं लग्न झालं. माझ्या लग्नात मीनाचं पान तिनेच शिवलं.

मामा घाबरले नसतील, पत्रिकाच खरंच नसेल जुळली, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल! ते टिकायचं नाही. पेटी उघडली की वास यायचा.

तर यंदा, बोटातून रक्ताचा ठिपका सईच्या पानावर पडला आणि मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी स्टेशनवर मामांनी मला तुझ्या खोकल्याचं विचारलं होतं."

कोणत्या दिवशी, कोण मामा, हे तिने विचारलं नाही.

"काय विचारलं? शब्द सांग."

सांगितले.

"आणि तू?"

तेही सांगितलं.

"एवढंच बोललास?"

"एवढंच."

"गाडी सुटत होती का?"

इथे अजून एक वाट होती. ती मी घेतली नाही. "नाही. वीस मिनिटं होती."

काळ्या चष्म्यामागे तिचे डोळे दिसत नव्हते. मांडीवरचा कापूस ती एकाच बोटाने दाबत राहिली. मग माझ्याशी नव्हे, त्या कापसाशी बोलल्यासारखी म्हणाली, "म्हणजे माझ्या पत्रिकेत काही नव्हतं."

मी बोटातलं रक्त पायजम्याला पुसलं.

"मंगळवार केले रे मी. एकोणतीस वर्षं. मंगळवारी मिठाचा कण खाल्ला नाही. तुझ्या सईच्या बारशाला सगळे जेवले, मी दूध पिऊन होते. मला वाटायचं, मीच काहीतरी घेऊन जन्माला आलेय. बाबा गेले ना, तेव्हाही मला वाटलं, हा माझाच मंगळ." तिने श्वास घेतला. "एकदा तरी म्हणायचंस. लग्न गेलं तर गेलं. पण एवढं तरी सांगायचंस, की ताई, तुझ्यात काही नाही."

याचा मी कधी विचारच केला नव्हता. एकोणतीस वर्षं मी एका मोडलेल्या लग्नाचं ओझं वाहत होतो, आणि ती त्याच घरात, माझ्या समोर, एका नसलेल्या दोषाचं. माझं पाप मी नीट मोजलंसुद्धा नव्हतं.

"ताई..."

"ऊठ इथून," ती म्हणाली.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मीनाशी बोलायची, फोनवर सईशी हसायची. मी माझा चहा करून घ्यायचो. मीनाला मी सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि भाजी चिरत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही मुळातच कमी बोलता."

पाचवा दिवस मंगळवार होता. मीनाने सवयीने साबुदाणा भिजवला होता. ताई आंघोळ करून स्वयंपाकघरात आली, पाट ओढून बसली आणि म्हणाली, "मीना, पोहे कर. मीठ घालून." मीनाच्या हातातली पळी तशीच राहिली. ताईने पोहे खाल्ले. हळूहळू, सगळे. मी दारात उभा होतो. शेवटचा घास झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. "बघतोस काय? लिंबू दे."

त्या लिंबाच्या आधाराने मी दुपारी धीर केला. तोरण तयार होतं, दोरीवर तीन पानं ओवून झाली होती. "ताई, तुझं पान शिवू का? तुझी ती निळी सुती साडी आहे, तिचं. आईचा नियम मी मानत नाही."

"मी मानते की नाही ते बाजूला राहू दे. पान नको." ती ठाम होती. "पान लावलंस की तुला मोकळं वाटेल. माझी गाठ आहे ती, रिकामीच राहील. फक्त आता कुणी विचारलं तर आमच्यात अशी पद्धत आहे, असं मी सांगणार नाही. तू सांगायचं. काय झालं ते."

"कुणालाही?"

"जो विचारेल त्याला."

तोरण चढलं. माझे टाके वाकडेतिकडे, एक पान जरा पोटफुगं. पहिल्या आठवड्यात कुणी विचारलं नाही. जुन्या लोकांनी विचारणं कधीच सोडलं होतं. मी घंटी वाजली की दचकायचो. मग एका सकाळी रामकली भाभी आल्या. त्यांचे यजमान फौजेतून निवृत्त झालेले. बबीना छावणीतलं घर सोडून दोघं गेल्या वर्षी आमच्या शेजारी राहायला आली. हातात वाटीभर तिळाचे लाडू. आत शिरता शिरता थांबल्या, मान वर करून कौतुकाने बघत राहिल्या.

"जा झालर तो बड़ी नोनी बनी! कौन ने बनाई? मनो इतै एक पत्ता काए नइयाँ?" त्यांचं बोट रिकाम्या गाठीवर होतं.

ताई सोफ्यावर बसली होती. चष्मा माझ्याकडे वळला.

"भाभी जी, वो दीदी का पत्ता था," मी सुरू केलं. स्टेशन, मामा, दर हिवाळ्यात होतो, लागतो कधी कधी, पत्र. पाच-सहा वाक्यांत सगळं उरकलं. ऑफिसातली फाइल वाचून दाखवावी तसं.

"हाय राम!" भाभींनी कपाळाला हात लावला. "इत्ते पढ़े-लिखे होकें, भैया? अपनी सगी बहन के संगै?"

"और कहिए, भाभी जी," ताई म्हणाली. "अच्छे से कहिए. इस घर में इनको कोई कुछ कहता ही नहीं."

भाभींनी खरंच मनावर घेतलं. त्यांनी मला जे जे ऐकवलं ते सगळं मी उभ्याने ऐकलं. ताईचे ओठ थरथरत होते. ती हसत होती की काय ते मला नीट कळलं नाही. भाभी दमल्या, लाडूची वाटी माझ्या हातात देऊन निघायला लागल्या. मला वाटलं, झालं एकदाचं.

"मंगळवारांचं राहिलं," ताई मराठीत म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"आणि वीस मिनिटांचं. आणि मला खोकला कशाने यायचा, तेही नाही सांगितलंस." तिने सरकून भाभींसाठी सोफ्यावर जागा केली. "अर्धं सांगायची तुझी सवय जात नाही बघ. बैठिए भाभी जी, अभी बाकी है. हं, पुरं सांग."

भाभी बसल्या. मी वाटी खाली ठेवली, त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. या वेळी कापसापासून.